स्पेलिंग चुकतं म्हणून नर्सिंग सोडू नकोस, पण कुठं चुकायचं नाही ते नीट समजून घे

तू लिहिलंयस की जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन सहा महिने झाले, बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकलीस, आणि राउंडला डॉक्टरांनी तुझ्या नोट्समधलं डायरियाचं स्पेलिंग पेशंटच्या नातेवाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे हसले, तेव्हापासून पेन हातात घेतलं की धडधडायला लागतं, तर आता इंग्रजीचा क्लास लावू का ही लाईनच सोडून देऊ. अगं, लाईन सोडायचं डोक्यातून काढ आधी. मी २७ वर्षं वॉर्डात काढली, मेडिसिन, मग आयसीयू, आता क्वालिटीचं काम बघते म्हणजे रोज दुसऱ्यांचे केस पेपर तपासणं हेच काम, आणि मीसुद्धा जिल्हा परिषदेच्या शाळेतली आहे. त्यामुळे हे उत्तर जरा लांब होणार.

आधी तो डायरिया संपवू. त्या शब्दात डबल आर आहे आणि त्याला लागून एच आहे, आणि आपल्या कानाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही म्हणून चुकतं. पण तो शब्द एकटा नाहीये, त्याचं अख्खं खानदान आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाहणं, म्हणून जिथं काहीतरी वाहतंय तिथं शेवटी तेच येतं: गोनोरिया, अॅमेनोरिया, डिसमेनोरिया, नाक वाहतं तो ऱ्हायनोरिया, सगळीकडे डबल आर एच. हेमरेजमध्ये आणि हेमरॉइड्समध्येही डबल आर एच. एक पकडलंस की सहा-सात शब्द कायमचे सुटले. आणि नाइटला तीन वाजता ते आठवलंच नाही तर लूज मोशन लिही, किती वेळा झाले ते लिही, रंग लिही, रक्त-आव होती का ते लिही, त्यानं पेशंटचं काही बिघडत नाही. "लूज मोशन ४ वेळा, पाण्यासारखे, रक्त नाही" ही नोट नुसत्या बरोबर स्पेलिंगच्या डायरियापेक्षा कितीतरी कामाची आहे, कुठलाही चांगला फिजिशियन हेच सांगेल.

आता मुद्द्याचं. वॉर्डात दोन जातीच्या चुका असतात आणि आपल्याकडे गोंधळ असा होतो की ज्या चुकीला लोक हसतात ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, आणि जी चूक जीव घेऊ शकते ती दिसायला अगदी बरोबर असते, स्पेलिंग शंभर टक्के शुद्ध, फक्त शब्द दुसराच. व्हॉमिटिंगमध्ये एक टी जास्त पडला तर काय होणार, काही नाही. पण कार्बामाझेपिनच्या जागी कार्बिमाझोल लिहिलं तर? पहिलं फिट्सचं औषध, दुसरं थायरॉइडचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल, रात्री साडेअकराला एक ॲडमिशन आली, पन्नाशीचे गृहस्थ, ताप आणि उलट्या, बरोबर त्यांची मुलगी. फिट्सचा जुना आजार, औषध चालू आहे म्हणाली पण गोळ्यांची पट्टी घरी राहिली, नाव विचारलं तर "कार्बा, कार्बी, असं काहीतरी आहे, दोनशेची गोळी, सकाळ संध्याकाळ". मी आदल्याच आठवड्यात थायरॉइडच्या पेशंटला कार्बिमाझोल दिलेलं होतं, ते नाव हाताला बसलेलं, मी सुंदर अक्षरात कार्बिमाझोल २०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा असं लिहिलं, एकही स्पेलिंगची चूक नाही त्यात. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, तीन ॲडमिशन्समध्ये अडकलेले, त्यांनी खाली सही केली. इंडेंट, म्हणजे औषध मागवायचा कागद, खाली मेडिकलला गेला आणि पाच मिनिटांत इंटरकॉम वाजला, फार्मासिस्ट म्हणाला, "सिस्टर, ही गोळी पाच, दहा आणि वीसची येते, दोनशेची येतच नाही, तुम्हाला नक्की काय पाहिजे?" मी फोन धरून उभी होते आणि माझ्या पायातलं बळ गेलं होतं. त्या माणसाला फिट्सची गोळी बंद होऊन थायरॉइडची चालू झाली असती, फिट आली असती तर कुणाला कळलंही नसतं का आली ते.

ती चूक माझ्या शुद्धलेखनानं पकडली नाही, ती पकडली २०० या आकड्यानं. म्हणून तेव्हापासून मी औषधाचं नाव कधी एकटं सोडत नाही. नाव, किती मिलीग्रॅम, कुठल्या मार्गानं, किती वेळा, आणि जुनं औषध असेल तर कशासाठी चालू आहे तेही दोन शब्दांत. "फिट्ससाठी" एवढं लिहिलं असतं ना तरी आरएमओनं सही करताना थांबून बघितलं असतं. आणि नातेवाईक "असं काहीतरी आहे" म्हणाले तर अंदाजानं नाव पूर्ण करायचं नाही, घरी फोन लावायला सांगायचा, पट्टीचा फोटो मागवायचा, तेव्हा फोटो काढणारे मोबाईल नव्हते, आता तर सगळ्यांकडे आहेत.

आपण मराठीतून आलेलो लोक कुठं घसरतो ते सांगते, कारण मी स्वतः घसरलेली आहे. आपली लिपी अशी की जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यात आपल्याला आयुष्यात कधी फसवणूक झालेली नसते. इंग्रजीत आपण तेच करतो, कानावर विसंबतो. न्युमोनियातला सुरुवातीचा पी ऐकू येत नाही, सोरायसिसमधला पण नाही, एफ आणि पीएच आपल्याला सारखेच फ, व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपला व. यातलं बरंचसं नुसतं दिसायला वाईट आहे. पण सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफ्टाझिडिम, सेफुरॉक्सिम ही सगळी अँटिबायोटिक्स, फोनवर घाईत ऐकली की कानाला एकच लांबलचक से-फ-काहीतरी ऐकू येतं. आणि एनआयसीयूमध्ये, म्हणजे तान्ह्या बाळांच्या आयसीयूत, बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर तिथं सेफ्ट्रायॅक्सोन चालत नाही, सेफोटॅक्सिम लागतं, म्हणजे मधली दोन अक्षरं इकडची तिकडं झाली की विषय स्पेलिंगचा उरत नाही. तसंच डोपामिन आणि डोबुटामिन. अॅझिथ्रोमायसिन आणि अॅझाथायोप्रिन, एक अँटिबायोटिक, दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं, किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटला देतात ते. हायड्रॅलझिन बीपीचं आणि हायड्रॉक्सिझिन खाजेचं. ही जी जोडपी आहेत त्यांना आपण लासा ड्रग्ज म्हणतो, दिसायला सारखी, ऐकायला सारखी, तुमच्या वॉर्डात औषधाच्या कपाटावर त्यांची यादी लावलेली असेलच, नसेल तर इन्चार्जला सांगून लावून घे.

आणि हे सगळं नर्सच्या माथी मारायचं कारण नाही हेही ऐकून ठेव. नावंच अशी ठेवलेली असतात. अमेरिकेत ओमेप्राझोलचं लोसेक हे नाव होतं, ते लॅसिक्सशी गोंधळायला लागलं म्हणजे ॲसिडिटीच्या गोळीऐवजी लघवीची गोळी जायला लागली, शेवटी १९९० मध्ये तिकडं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. आपल्याकडं फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन ब्रँडचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, २००१ चा निकाल आहे, आणि कोर्टानं सांगितलं की औषधांच्या नावातला सारखेपणा इतर मालापेक्षा जास्त कडकपणे तपासायला हवा कारण इथं गोंधळ झाला तर जिवावर बेततं. डॉक्टरांच्या अक्षराचंही तेच, मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच नियमात घातलं की औषध जेनेरिक नावानं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहायचं. त्यामुळं ऑर्डर वाचता येत नसेल तर "सर, हे नाव कॅपिटलमध्ये लिहून द्याल का" हे विचारणं म्हणजे तुझं अज्ञान दाखवणं नाही, तो नियमच आहे.

आकडे आणि युनिट. इथं मी कुणालाही माफ करत नाही, आणि इथं इंग्रजी येण्या न येण्याचा संबंधच नाही. इन्सुलिन १० च्या पुढं नुसता यू काढला आणि तो जरा बंद झाला की शून्य दिसतो, दहाचे शंभर. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, तिथं स्पेलिंग चुकलं तरी चालेल पण पूर्ण लिही. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये "हे लिहूच नका" अशी जी यादी केली त्यात हा यू आहे, आणि त्याच यादीत पॉइंटनंतरचा फुकटचा शून्य पण आहे. १ मिलीग्रॅम लिहायचंय तर १ च लिही, १.० लिहिलंस आणि टिंब पुसट आलं की १० झाले. आणि उलटं, अर्धा मिलीग्रॅम असेल तर ०.५ लिही, नुसतं .५ लिहिलंस तर टिंब हरवून ५ होतात. रक्त पातळ करायच्या गोळीत हा फरक म्हणजे नाकातोंडातून रक्त. मायक्रोग्रॅमचं ते शेपटीवालं ग्रीक अक्षर तर काढूच नकोस, घाईत ते एम दिसतं, मायक्रोचं मिली होतं, हजारपट. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम लिहिताना मायक्रो हा शब्द मी अजून पूर्ण लिहिते. इन्सुलिनचंच निघालंय तर, आपल्याकडं ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदीच्या व्हायल मिळतात, लाल टोपणाची सिरिंज ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची, लिहिलेलं बरोबर असून सिरिंज चुकीची घेतली तरी डोस बदलतो, तेव्हा व्हायलवरचा आकडा आणि टोपण दोन्ही बघायचं.

शॉर्टकटही असेच. आपल्याकडं ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या वॉर्डात ओडी म्हणजे उजवा डोळा. तू एका वॉर्डातून दुसरीकडं रिलीव्हिंगला गेलीस की तिथलं शॉर्ट फॉर्म तिथल्या सिस्टरला विचारूनच वापर.

फोनवरच्या ऑर्डरचं सांगते, तुझी धडधड बहुतेक इथंच जास्त होत असणार. डॉक्टर बोलतायत तोवर लिहायचं, मग वाचून दाखवायचं, आणि नाव लासामधलं असेल तर अक्षर अक्षर सांगायचं, बी आणि डी, एम आणि एन फोनवर सारखेच वाजतात म्हणून "डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे" असं. आकडा दोनदा सांगायचा, एकदा अख्खा आणि एकदा सुटा. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकच ऐकू येतं, म्हणून "फिफ्टीन, वन फाइव्ह" म्हणायचं. आणि मराठीत आपलंही काही कमी नाही बरं, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळं सांगताना, वजन असं सांगितलं आणि ऐकणारी अर्धी झोपेत असली की दहा किलोचा फरक पडतो आणि लहान मुलाचा किंवा आयसीयूमधला डोस वजनावर असतो. माझ्या वॉर्डात मी ओव्हरला एकोण हा शब्द बंदच केला होता, पाच-नऊ सांगा म्हणायचे. सुरुवातीला पोरी हसायच्या, नंतर सवय झाली.

डॉक्टर चिडतात का? काही चिडतात. "तुला एवढं पण कळत नाही का" म्हणतात. तू आवाज न चढवता एवढंच म्हण, "सर, मी लिहिलेलं वाचून दाखवते, तुम्ही हो म्हणा." हो म्हटलं की वेळ टाक, त्यांचं नाव टाक, आणि सकाळी सही घे. मी आजपर्यंत असा एकही सीनियर बघितला नाही की ज्याला दोन-चार वेळा हे झाल्यावर बरं वाटलं नाही, शेवटी सही त्यांचीच असते ना.

आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आले, मग तुला वाटेल स्पेलिंगचा प्रश्नच संपला. लिहायची चूक गेली आणि निवडायची आली. तीन अक्षरं टाइप केली की खाली सेफच्या सेफ आठ नावं उघडतात आणि बोट वरच्या नावावर पडतं. आणि व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर, त्यात फोन स्वतःच शब्द बदलतो, डॉक्टरांनी एक टाइप केलेलं असतं आणि येतं भलतंच. मेसेज आला तरी फोन करून विचारायचं, आणि व्हायल हातात घेतली की लेबलवरचं नाव केस पेपरवरच्या नावाशी अक्षरानं अक्षर जुळवायचं, अर्थानं नाही. लेबल बघून लिहिणं ही कॉपी नाही, लाज वाटायचं काही कारण नाही, मी २७ वर्षांनीही लेबल समोर धरूनच लिहिते.

पेशंटच्या नावाबद्दल जरा थांबते, कारण हे कुणी शिकवत नाही. आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं ज्याची त्याची वेगळी. पाटील कुणी एका आयनं लिहितं कुणी डबल ईनं, भोसलेमध्ये मधला ए कुणी घालतं कुणी नाही, गायकवाडचे तर तीन-चार प्रकार मी बघितलेत. इथं बरोबर स्पेलिंग असं काही नसतंच, त्या माणसाच्या आधार कार्डावर जे आहे तेच बरोबर. ॲडमिशनच्या वेळी कानानं ऐकून लिहिलं की डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसची क्वेरी येते, टीपीए, म्हणजे विम्याचे क्लेम बघणारी कंपनी, म्हणते पॉलिसीवरचं नाव आणि पेपरवरचं नाव जुळत नाही, आणि पेशंट कपडे घालून, पिशव्या भरून, रिकाम्या पोटी संध्याकाळपर्यंत बसून राहतो. बाळंतिणीच्या वॉर्डात तर आणखी जपायचं. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत जाते, ती आपल्या रजिस्टरवरून जाते, आईच्या नावात एक अक्षर चुकलं की ते जन्मदाखल्यावर उतरतं आणि मग दुरुस्तीसाठी बाप रोजगार बुडवून नगरपालिकेत चकरा मारतो, शाळेच्या ॲडमिशनला पुन्हा तेच. मी एका आईला सहा वर्षांनी परत आलेलं बघितलंय, हातात तो दाखला घेऊन, तेव्हाच्या सिस्टरनं सविताचं सरिता केलं होतं. ती भांडायला आली नव्हती, फक्त विचारत होती की आता कुठं जाऊ. आणि एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असल्या की नावावर विसंबायचंच नाही, नंबर बघायचा, हातातला बँड बघायचा, आणि "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं न विचारता "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं, कारण आजारी माणूस कशालाही हो म्हणतो.

चुकलंच लिहिताना तर? गिरवायचं नाही, व्हाइटनर तर हातात सुद्धा धरायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे अशी, शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. नवीन मुली चूक झाली म्हणून घाबरून अख्खं पान फाडतात किंवा शब्द काळा करून टाकतात, आणि पुढं कधी केस उभी राहिली तर तो काळा डागच सगळ्यांना आधी दिसतो. रेघ मारलेली चूक म्हणजे तू स्वतः पकडलेली चूक, तिची काही भीती नाही.

त्या डॉक्टरांबद्दल. त्यांनी केलं ते चुकीचं केलं, आणि मी हे तुझं मन राखायला म्हणत नाहीये. पेशंटसमोर सिस्टरला हसलं की तो पेशंट तिच्या हातून इंजेक्शन घ्यायला घाबरतो, ती सिस्टर त्या डॉक्टरला शंका विचारायची बंद होते, आणि वॉर्डात ज्या दिवशी विचारणं बंद होतं त्या दिवसापासून मला झोप लागत नाही. मी जेवढ्या मोठ्या चुकांची चौकशी केली त्यात कुणाला तरी शंका आलेली असतेच, "विचारणार होते पण ओरडतील म्हणून" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. तेव्हा तुझ्या इन्चार्जला सांग, रडत नाही, नीट सांग की नोट्समधली चूक मला बाजूला घेऊन दाखवा, मी दुरुस्त करीन. चांगली इन्चार्ज असेल तर ती राउंडला बोलेल. नसेल तर तू स्वतः त्या डॉक्टरांकडं जा, वही घेऊन जा, "सर, माझे कुठले शब्द चुकतात ते सांगा" म्हण. बहुतेक माणसं यावर नरम येतात.

इंग्रजीचा क्लास लावायचा तर लाव, बोलायला उपयोग होईल, पण तिथं कुणी तुला ट्रेकिओस्टॉमी शिकवणार नाही. वैद्यकीय शब्द तुकड्यांचे बनलेले असतात, तुकडे पाठ कर. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑटॉमी म्हणजे कापून उघडणं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड तयार करून ठेवणं. आयटिस म्हणजे सूज, पण प्रुरायटस हा त्यातला नाही, त्याचा शेवट यू एस, भलेभले चुकतात. हायपो खाली, हायपर वर, आणि हे दोन इतके महत्त्वाचे की शुगरच्या पेशंटला हायपो झाला का हायपर हे तू ओव्हरला शब्दात नाही, आकड्यात सांग, "शुगर ४८", मग गोंधळच नाही. डिसफेजिया म्हणजे गिळता येत नाही आणि डिसफेझिया म्हणजे बोलता येत नाही, मध्ये फक्त जी आणि एसचा फरक, पॅरालिसिसच्या पेशंटला चुकून दुसरं लिहिलं आणि मावशीनं तोंडात चहा घातला तर तो फुप्फुसात जाऊ शकतो, तिथं मी आजही "गिळता येत नाही, तोंडानं काही देऊ नये" असं मराठीतही लिहिते आणि बेडवर पाटी लावते.

वही छोटी घे, युनिफॉर्मच्या खिशात बसेल एवढी. पहिल्या पानावर तुमच्या वॉर्डातली लासाची जोडपी, शेजारी कशासाठी आणि किती मिलीग्रॅममध्ये मिळतं ते. मागच्या बाजूनं चुकलेले शब्द, रोज जास्तीत जास्त तीन, प्रत्येक शब्द तोडून लिहायचा आणि खाली मराठीत अर्थ. पेशंटचं नाव त्यात कधी लिहू नकोस, वही कुठंही राहते. माझी पहिली वही निळ्या कव्हरची होती, स्पिरिट सांडून अर्धी पानं पुसली गेलीत, कार्बामाझेपिनचं पान मात्र अजून वाचता येतं, त्याच्याखाली लाल पेनानं २०० लिहिलेलं आहे.